देवाचा पस्तावा

देवाच्या गुणांविषयी मंडळीत शिकवले जाते तेव्हा सर्वज्ञता, सर्वसमर्थता किंवा सर्वव्यापित्व यांवर सहसा कोणी अडखळत नाही. अडखळायला होते ते अविकारित्वापाशी, म्हणजे देव बदलत नाही आणि माणसासारखा भावनांच्या आहारी जात नाही, या शिकवणीपाशी. अँग्लिकन मंडळीच्या एकोणचाळीस कलमांपैकी पहिल्यात आणि प्रॉटेस्टंट परंपरेतील १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात देव देहरहित, अवयवरहित व विकाररहित असल्याचे सांगितले आहे. आजकालच्या प्रवचनांतून ही शिकवण जवळजवळ नाहीशी झाली आहे, कारण ती ऐकणाऱ्याला कोरडी वाटते. माझ्या मते ती वाटते तितकी कोरडी नाही.

या प्रश्नाची सगळी अडचण बायबलमधील १ शमुवेल या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात एकवटली आहे. अमालेकी लोकांचा समूळ नाश करण्याची देवाची आज्ञा मोडून इस्राएलाचा राजा शौल त्यांच्या अगाग राजाला आणि निवडक गुराढोरांना जिवंत ठेवतो. तेव्हा अकराव्या वचनात परमेश्वर म्हणतो की, शौलाला राजा केल्याचा मला पस्तावा होत आहे. एकोणतिसाव्या वचनात संदेष्टा शमुवेल त्याच शौलाला बजावतो की देव पस्तावत नाही, कारण तो मनुष्य नाही. आणि अध्याय संपतो तो परमेश्वराला पस्तावा झाला, याच विधानाने. मूळ हिब्रूत तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. दोन परंपरांची जोडणी नीट जमली नाही, असे काही अभ्यासक म्हणतील. पण सहा वचनांच्या अंतरावर असलेला विरोध संकलकाच्या नजरेतून सुटला असेल, हे मला पटत नाही. त्याला दोन्ही गोष्टी सांगायच्या होत्या, असेच मी समजतो.

यावर सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विनचे उत्तर प्रसिद्ध आहे: दाई जशी तान्ह्या मुलाशी बोबडे बोलते, तसा देव आपल्या आकलनाला पेलेल अशा भाषेत बोलतो. हे उत्तर उपयोगी असले तरी ते अकरावे वचन फार लवकर निकालात काढते. मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसचा युक्तिवाद अधिक खोल आहे. जे बदलते त्याला पूर्वी नसलेले काहीतरी मिळते. देवामध्ये मात्र कसलीच उणीव नाही, म्हणून त्याच्यात बदलाला जागा नाही. शिवाय देवापाशी चांगुलपणा ‘असतो’ असे नाही, तो स्वतःच चांगुलपणा आहे. हे वाचताना मराठी वाचकाला निर्गुण ब्रह्म आठवणे साहजिक आहे. परंतु चित्पावन घराण्यात जन्मलेल्या आणि १८४८ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नीळकंठशास्त्री गोरे यांनी वेदान्ताचे खंडन करताना नेमके निर्गुणत्वावरच बोट ठेवले होते: ज्या ब्रह्माला ज्ञान आणि इच्छा हे गुणच नाहीत, त्याची भक्ती करायची कशी? अक्वायनसचा देव गुणशून्य नाही; त्याचे गुण त्याच्या अस्तित्वाहून वेगळे काढता येत नाहीत, एवढाच त्या सिद्धान्ताचा अर्थ आहे.

खरी कसोटी लागते ती वधस्तंभापाशी, कारण तिथे देवाचा पुत्र ख्रिस्त दुःख भोगतो. पित्यानेच दुःख भोगले असे शिकवणाऱ्या प्रक्सियसला धर्मशास्त्रज्ञ तर्तुल्यनाने तिसऱ्या शतकाच्या आरंभी झोडपून काढले. पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने मांडले की अविकारी पुत्राने देह धारण केला आणि त्या देहात त्याने खरोखर दुःख भोगले. मंडळीच्या ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेने ख्रिस्ताचे दैवी व मानवी असे दोन स्वभाव मिसळू न देता आणि वेगळेही न करता एकाच व्यक्तीत मानले. विसाव्या शतकात जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमन याने हा तोल नाकारला. १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरील बॉम्बवर्षावात त्याच्या शेजारचा मित्र मारला गेला होता आणि पुढे तो स्वतः युद्धकैदी झाला. ज्याला दुःख होऊ शकत नाही त्याला प्रेमही करता येत नाही, असे त्याने १९७२ साली मांडले. त्या अनुभवातून आलेला हा प्रश्न हलक्याने झटकता येणार नाही. तरीही देव स्वतःच्या स्वरूपातच दुःखाने ग्रासला जात असेल, तर पीडिताला सोबती मिळतो, सोडवणारा मिळत नाही. म्हणून माझा कल सिरिलकडेच राहतो.

शिवाय संदेष्ट्यांनी अविकारित्वाचा वापर कुठे केला आहे, हेही पाहायला हवे. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात परमेश्वर म्हणतो की मी बदलत नाही, म्हणूनच याकोबाच्या वंशजहो, तुम्ही नष्ट झालेला नाहीत. होशेयाच्या अकराव्या अध्यायात एफ्राइमाला, म्हणजे इस्राएल लोकांना, सोडून देण्याच्या कल्पनेनेच देवाचे अंतःकरण कालवते, आणि मी त्याचा नाश करणार नाही असे सांगताना तो कारण देतो की मी देव आहे, मनुष्य नाही. शमुवेलाच्या तोंडी जे कारण शौलाविरुद्धचा निर्णय फिरणार नाही हे सांगण्यासाठी येते, तेच येथे दयेच्या बाजूने उभे राहते.