व्हीजीएचं निळं सॉकेट

संगणकाचा कॅबिनेट जुन्या टॉवेलात गुंडाळून एसटीने आणला होता. फलटणचे मामा-भाचे, शनिवारची दुपार, आमच्या पुण्यातल्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. भाचा नुकताच बारावी झालेला. “दादा, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय आहे, चार जीबी मेमरीचं. पण गेम सुरू झाला की दहा मिनिटांत स्क्रीन काळी पडते.” रोपवाटिकेत दोन महिने राबून साठवलेल्या साडेसहा हजारांत त्याने ते कार्ड ऑनलाइन घेतलं होतं.

कॅबिनेट फिरवून मागची बाजू पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. कार्डाला एचडीएमआय होतं, डीव्हीआय होतं आणि शेजारी व्हीजीएचं, म्हणजे जुन्या मॉनिटरच्या ॲनालॉग जोडणीचं, निळं सॉकेट. १०५० टीआय ही एनव्हिडिया कंपनीच्या पास्कल पिढीतली, २०१६ सालची चिप. या पिढीच्या चिपमधून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही. मग हे सॉकेट कशाच्या जोरावर चालत होतं?

“आमच्या मॉनिटरला व्हीजीएच लागतं ना, म्हणून मुद्दाम हे बघून घेतलं,” भाचा म्हणाला. जे पाहून त्याने विश्वास टाकला, तीच नकलीपणाची खूण होती.

एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर टाकून पाहिला, त्याने कार्ड ओळखलंच नाही. विक्रेत्याने सोबत दिलेल्या पेनड्राइव्हमधला जुनाट ड्रायव्हर मात्र निमूट चालत होता. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडलं, तर नावाच्या आधीच कंसात ‘फेक’. या सॉफ्टवेअरमध्ये २०१८पासून अशी कार्डं पकडायची सोय आहे. भाच्याने ते वाचलं आणि काही बोलला नाही. मामांनी विचारलं, “साहेब, मशीन चुकत नसेल ना?”

परत करायची मुदत उलटून गेली होती, विक्रेता फोन उचलत नव्हता. त्यामुळे कार्ड उघडायला हरकत नव्हती. चार स्क्रू काढले, चिप थंड ठेवणारं हीटसिंक हलकेच पिळून उचललं. त्याखालची वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत गेलो तशी चिपच्या आरशासारख्या पाठीवर बारीक अक्षरं उमटली: जीएफ१०६-२५०. म्हणजे जीटीएस ४५०, २०१० सालचं कार्ड. खऱ्या १०५० टीआयवर जीपी१०७-४०० असं असतं. आमच्याकडे दुरुस्तीला आलेलं एक खरं कार्ड उघडंच पडलं होतं, ते शेजारी ठेवलं. त्याची चिप या चिपच्या साधारण निम्म्या आकाराची, पण आत आकडेमोड करणारे ७६८ कोअर. भाच्याच्या मोठ्या चिपमध्ये १९२. ते अंतर डोळ्यांनी दिसल्यावर त्याला पटलं.

“पण चार जीबी तर दाखवतंय,” तो म्हणाला. ते कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, खोटं लिहिलेलं होतं. कार्डावरच्या मेमरी चिप मोजल्या, त्यांचे नंबर तपासले, बेरीज एक जीबी. गेम एक जीबीच्या पुढे गेला की पुढची जागाच नाही, म्हणून स्क्रीन काळी. मला या धंद्यात सगळ्यात जास्त राग जीबीच्या आकड्याचा येतो. गिऱ्हाईक तेवढंच विचारतं, म्हणून विकणारा तेवढंच मोठ्या अक्षरांत छापतो. जीटी ७३०सुद्धा चार जीबीत मिळतं, पण त्याची मेमरी जुनी, संथ डीडीआर३ आणि तिच्यापर्यंतचा रस्ता ६४ बिटांचा. जीटीएक्स १६५०ही चार जीबीचंच, पण त्याची जीडीडीआर५ मेमरी १२८ बिटांवर चालते आणि कोअर ८९६. गोदाम तेवढंच, पण एकाला बोळ आणि एकाला हमरस्ता.

मामांनी खिशातून आणखी पैसे काढायची तयारी दाखवली. त्यांना कुणीतरी आरटीएक्स ३०६० सुचवलं होतं, बारा जीबीचं. मी कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय दाखवला. ऑफिसातून निघालेला जुना संगणक, चौथ्या पिढीचा आय५, सप्लाय २९० वॅटचा आणि कार्डासाठी वेगळी वायरच नाही. ३०६०ला एकट्याला १७० वॅट लागतात. कार्ड बसतं त्या स्लॉटमधून मिळतात फार तर ७५. आरएक्स ६४०० हे कार्ड विजेच्या हिशोबात बसतं, पण ते स्लॉटच्या चारच लेनवर, म्हणजे डेटाच्या चारच वाटांवर, चालतं आणि यांच्यासारख्या, तिसऱ्या पिढीचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट असलेल्या बोर्डावर त्याचा दम निघतो. शिवाय मॉनिटर १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा. त्याला फार मोठं कार्ड देऊन उपयोग काय?

म्हणून वायर न लागणारं, वापरलेलं जीटीएक्स १६५० त्यांच्यासमोर जीपीयू-झेडवर तपासून दिलं आणि एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर जोडला. जीटीए ५ हा गेम सुरू केला. अर्धा तास चालू ठेवला, सेकंदाला साठच्या आसपास फ्रेम, तापमान आटोक्यात. दरम्यान १९१५ला फोन लावून ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, चिपचे फोटो भाच्याच्या मोबाइलमध्ये काढून दिले. नकली कार्डाला नवी पेस्ट लावून हीटसिंक परत बसवलं.

निघताना मामा म्हणाले, “हे जुनं पुन्हा ऑनलाइनच टाकू. निम्मे तरी सुटतील.”

भाच्याने माझ्या टेबलावरचा मार्कर उचलला, पंख्यावरच्या स्टिकरवरचं १०५० टीआय खोडलं आणि खाली जाड अक्षरांत लिहिलं: ४५०, एक जीबी.