तुम्ही विचारलंत म्हणून : हाताने ढकलायचे पेरणीयंत्र घ्यावे का?

आमच्या बागेत येणारे पाहुणे, शेजारचे शेतकरी आणि हल्ली गावाकडे परतून अर्धा-एक एकर भाजीपाला करू पाहणारी तरुण मंडळी मला एकच प्रश्न हमखास विचारतात : "ताई, ते ढकलत चालवायचे यंत्र घेतले तर पेरणीचा किती वेळ वाचतो?" बांधावर उभ्या उभ्या दिलेले उत्तर दर वेळी अपुरे राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे. पेरणीचा वेळ वाचतो हे खरे. परंतु तेवढ्यासाठी ते घ्या, असे मी कोणाला सांगणार नाही. त्याचे पैसे खुरपणीच्या दिवसांत फिटतात.

आमची बाग पुरंदर तालुक्यात, मध्यम काळ्या जमिनीत, २० गुंठ्यांची आहे. ज्वारी, बाजरी, हरभरा ही पिके आमच्याकडे पूर्वापार तिफणीने, म्हणजे तीन नळ्यांच्या पाभरीने, ओळीत पेरली जातात. सासूबाई चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरायच्या तेव्हा तिन्ही नळ्यांतून बी सारखे उतरायचे, आणि तिफणीच्या अंतराला जुळणारे कोळपे, म्हणजे ओळींमधले तण कापणारे अवजार, नंतर त्याच ओळींमधून फिरायचे. ओळीत पेरायचे ते कोळप्यासाठी, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. मात्र हेच घर मेथी, कोथिंबीर, पालक पेरताना वाफ्यात बी फोकून देत असे. मग त्या वाफ्यात कोळपे घालणे अशक्य, आणि तण काढायचे तर खुरपे घेऊन दिवसभर उकिडवे बसायचे. हे बसणे बहुतेक ठिकाणी बायकांच्याच वाट्याला येते. मी स्वतः १२ वर्षे तसे बसले आहे, आणि मी जे लिहीत आहे त्यामागे माझ्या गुडघ्यांचा अनुभव आहे.

यंत्र आल्यावर मेथी, पालक, मुळा, गाजर, बीट या सर्वांच्या ओळी आम्ही ९ इंचांवर घेऊ लागलो. सायकलच्या चाकाचे जे कोळपे मिळते त्याला ६ इंचांची पास, म्हणजे तण कापणारे आडवे पाते, लावली की दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच मोकळे राहते आणि रोपाला धक्का न लावता मधले तण कापले जाते. एका गुंठ्यातील मेथीच्या खुरपणीला पूर्वी आम्हा दोघी जावांचा पूर्ण दिवस जायचा. आता कोळपे पाऊण तासात फिरते आणि ओळीतले राहिलेले तण हाताने उपटायला आणखी तास-दीड तास लागतो, तोही तण दोन पानांवर असतानाच काम हाती घेतले तर. याची किंमतही सांगितली पाहिजे : फोकलेल्या वाफ्यापेक्षा ओळीत मेथी कमी बसते, त्यामुळे गुंठ्यामागे जुड्या थोड्या कमी निघतात. मला तो सौदा मान्य आहे.

चालण्याचा हिशेबही करून पाहावा. भेंडीसाठी दीड फुटावर ओळी घेतल्या तर २० गुंठ्यांत जवळजवळ साडेचार किलोमीटर ओळ भरते. हे अंतर यंत्रामागून चालणे आणि वाकून एकेक बी टोकणे, यांतला फरक कंबरेला लगेच कळतो.

पण हे चालणे सुखाचे व्हायचे असेल तर जमीन आधी तशी करावी लागते, आणि येथेच बहुतेकांचा विरस होतो. ढेकळे, धसकटे, न कुजलेल्या शेणखतातील काड्या यांतले काहीही यंत्राच्या माती चिरणाऱ्या फाळापुढे अडकले की तो वर उचलला जातो आणि बी मातीवर उघडे पडते. म्हणून पूर्ण कुजलेले, शक्य तर चाळलेले खत वापरावे. आमच्या काळ्या रानात ओल्या मातीचा चिखल फाळाला आणि चाकाला चिकटतो, तर कोरड्यात पेरून वरून मोकाट पाणी दिले की पपडी धरते आणि गाजरासारखे नाजूक कोंब तिच्याखालीच मरतात. यावर आमचा उपाय जुनाच आहे : रान आधी ओलवायचे, वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, येऊ द्यायचा, वरची दोन इंच माती हलकी मोकळी करून पेरायचे आणि नंतर तुषाराने हलके पाणी द्यायचे. मातीचा मुठीत वळलेला गोळा कंबरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा झाला असे समजावे.

दुसरी तयारी बियाण्याची. यंत्रात बी उचलण्यासाठी खळग्यांचे रोलर असतात आणि ते बदलता येतात. मात्र सोबतच्या कागदावर "मुळा" असे लिहिलेला रोलर आपल्या मुळ्याच्या बियाण्याला बसेलच असे नाही, कारण एकाच भाजीचे बी वाणागणिक लहानमोठे असते. मी ताडपत्रीवर यंत्र ठेवून चाक उचलते, त्याला हाताने दहा फेरे देते आणि पडलेले बी मोजते. चाकाचा परीघ एकदा मापून ठेवला की दहा फेऱ्यांत किती फूट ओळ होते ते कळते, आणि फुटामागे किती बी पडणार हा प्रश्न पेरणीआधीच सुटतो. धने हलके रगडून त्यांच्या डाळी वेगळ्या केल्याशिवाय चाड्यात घालू नयेत. भेंडीचे बी भिजवले तर ते फुगून रोलरमध्ये चिरडते, म्हणून यंत्रासाठी ते कोरडेच ठेवावे. बीटच्या एका बोंडात दोन-चार बिया असतात. ते कितीही नेमके पडले तरी विरळणी चुकत नाही. गाजराचे बी फार बारीक आणि हलके असल्यामुळे मी त्यात भाजलेली नाचणी मिसळते. ती उगवत नाही आणि ओळ दाट होऊ देत नाही. मात्र धक्क्यांनी नाचणी खाली बसते आणि गाजराचे बी वर येते, त्यामुळे चाडे थोडे थोडेच भरावे. गाजराच्या ओळीत मधूनमधून मुळ्याचे बीही टाकावे. मुळा चार-पाच दिवसांत वर येतो, गाजराला दोन आठवडेही लागतात. मुळ्यामुळे ओळ कोठे आहे ते दिसते आणि कोळपे वेळेवर घालता येते.

या यंत्रातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे बी पडायचे थांबले तरी ते काही सांगत नाही. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईला बी संपले हे बोटांना कळते. यंत्रामागे चालणाऱ्याला चाक फिरताना दिसते, ओळ झाकलेली दिसते आणि सगळे ठीक चालले आहे असे वाटते. दुसऱ्या वर्षी पालक पेरताना यंत्राच्या बी सोडणाऱ्या नळीत चिखल बसला आणि मी सहा ओळी रिकाम्याच चालले. ते कळले आठ दिवसांनी, जेव्हा शेजारच्या ओळी हिरव्या झाल्या. तेव्हापासून प्रत्येक ओळीच्या टोकाला मी यंत्र उचलून नळी पाहते, आणि सुरुवातीलाच वीतभर माती बोटाने उकरून बी किती खोल गेले तेही तपासते. यंत्र मागे ओढू नये. मागे ओढले की माती नळीत शिरते. पहिली ओळ दोरी लावूनच घ्यावी, कारण बाजूचा आखणीचा दांडा पुढच्या सर्व ओळी तिच्यावरूनच आखतो आणि पहिली वाकडी गेली की सगळा वाफा वाकडा होतो.

टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी रोपांनी लावायच्या असतात आणि काकडी, दोडका, कारले यांचे महाग बी मोजक्या ठिकाणी टोकायचे असते. तेथे या यंत्राचे काम नाही. वाटाणा, घेवडा, गवार, मका यांसाठी चोचींचे गोल टोकणयंत्र वेगळे मिळते. आम्ही ते शेजाऱ्यांबरोबर भागीत घेतले आहे, कारण वर्षातून चार-सहा दिवसच ते लागते.

पैसे एकाच अवजाराला पुरत असतील, तर माझे उत्तर आहे : आधी सायकल कोळपे घ्या. दोरी लावून, बोटाने रेघ ओढून, हाताने ९ इंचांवर मेथी पेरा आणि एक हंगाम ते कोळपे चालवून पाहा. हाताने पेरलेल्या ओळी जेथे जेथे वाकतील तेथे तेथे पास रोपे कापत जाईल. ती कापलेली रोपे मोजा, आणि मग पेरणीयंत्राचे ठरवा.