तुम्ही विचारलंत म्हणून: मार्गारेट बूथच का?

चित्रपट संकलनावर कुठेही बोलले की हा प्रश्न येतोच: आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांचं संकलन करणाऱ्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई असताना सारखं त्या हॉलिवूडच्या संकलक मार्गारेट बूथचं काय घेऊन बसता? सरस्वतीबाईंविषयी मला अपार आदर आहे. त्यांना मागे सारायला मी बूथचं नाव घेत नाही. आता नीटच सांगते.

बूथचा नट भाऊ एल्मर १९१५ मध्ये मोटार अपघातात गेला आणि सतरा वर्षांची ही मुलगी दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या कंपनीत फिल्मचे तुकडे जोडायला लागली. फिल्म चालती बघत कापता येईल असं मूव्हिओला यंत्र १९२४ मध्ये आलं. त्याआधी निगेटिव्ह हातात धरून नुसत्या नजरेने हालचाल जुळवायची. हे काम बायकांना मिळे, कारण ते शिवणटिपणासारखं समजलं जाई.

पुढे लुई मेयरच्या स्टुडिओत ती दिग्दर्शक जॉन स्टाल यांच्या हाताखाली आली. ते कसे कापतात हे दिवसभर बघायचं आणि काम संपलं की टाकून दिलेले टेक घेऊन तोच प्रसंग स्वतः जुळवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. चांगले टेक आधीच वापरले गेलेले, म्हणजे हिच्या वाट्याला काय? नजर उशिरा वळलेली, हात लवकर खाली आलेला, नटी जरा जास्तच रडलेली. त्यातून प्रसंगाची लय शोधायची. मी स्वतः संकलक आहे. चांगलं फुटेज समोर असताना चांगला कट करणं आणि हे करणं यांत केवढं अंतर आहे, ते मला माहीत आहे. एकदा स्टाल यांना एक प्रसंग काही केल्या मनासारखा साधेना. त्यांनी हिचा पाहिला आणि तोच चित्रपटात घेतला. ‘बायकांच्या हाताला चिकाटी असते’ असं मला कौतुकाने सांगणाऱ्यांनी हे एकदा ऐकावं. तिथे चिकाटी नव्हे, निवड जिंकली होती.

आता अवघड भाग. १९३९ ते १९६८ ती एमजीएम या बड्या हॉलिवूड स्टुडिओची प्रमुख संकलक होती. १९५१ चा एमजीएमचा ‘द रेड बॅज ऑफ करेज’ त्याचे दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन आफ्रिकेत असताना कापला गेला आणि ६९ मिनिटांचा उरला. त्या काळात संकलन विभाग हिच्या हाती होता. तरुणपणी मी वाद घालायचे, की ती फक्त हुकूम पाळत होती. आज मला ते पटत नाही. दिग्दर्शक जिला वचकून असत, ती एवढी बिचारी कशी? पण लगेच वाटतं, अशा अधिकाराचा हिशेब आपण पुरुषांकडे इतक्या तत्परतेने मागतो का?

१९७८ मध्ये तिला मानद ऑस्कर मिळालं, चौऱ्याऐंशीव्या वर्षीही ती काम करत होती. हे सगळं मी अभिमानाने सांगते. ती नसती तरी ह्यूस्टनचा चित्रपट वाचला नसता, कारण कापायचा निर्णय निर्मितीप्रमुख डोरे शॅरी यांचा होता. पण कात्री तिच्याच विभागातली होती, हेही मला खोडता येत नाही.