तुम्ही विचारलेत म्हणून: स्पॅनिश येते, तरी दुभाषी कशाला?

‘तुला स्पॅनिश येते, मग दुभाष्याला कशाला बोलावतेस?’ असे वॉर्डातले सहकारी विचारतात, आणि ‘दुभाषी आहेतच, तर तू स्पॅनिश कशाला शिकतेस?’ असे घरचे विचारतात. आजवर दोन्ही प्रश्नांवर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. दोन्हींचे उत्तर एकाच रात्रीत दडलेले आहे आणि ते सांगायला मला जड जाते, हे त्याचे कारण.

अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. त्यामुळे इथल्या नर्सला ती का लागते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. सांगायचे आहे ते असे, की मराठी माणसाला ही भाषा सुरुवातीला फार लवकर वश होते आणि घात तिथेच होतो. ‘मे दुएले ला काबेसा’ या वाक्यातला ‘मे’ म्हणजे आपले ‘मला’. दुखणे डोक्याचे आणि ते सोसणारा ‘मला’, ही रचना वर्गातल्या इंग्रजी भाषकांना आठवडेच्या आठवडे पचत नव्हती. मला ती शिकावीच लागली नाही. त आणि द हे उच्चार आपल्याकडे घरचेच आहेत. ‘तू’ तर अर्थासकट जसाच्या तसा आहे, त्यामुळे वयस्कर रुग्णाला ‘तू’ न म्हणता ‘उस्तेद’, म्हणजे आदराचे ‘तुम्ही’, म्हणावे, हे कानालाच कळत होते. चार महिन्यांत माझी तीस-चाळीस वाक्ये, म्हणजे ‘दोंदे ले दुएले?’ (कुठे दुखते?), ‘देस्दे क्वांदो?’ (कधीपासून?) यांसारखी, इतकी स्वच्छ झाली की रुग्ण मला विचारत, तुम्ही कुठल्या देशातल्या? त्या प्रश्नाने मी सुखावत असे.

वर्गाच्या पहिल्याच दिवशी आम्हाला फ्लोरिडातली 1980 सालची घटना सांगितली होती. अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत आणले गेले, घरच्यांनी ‘इंतोक्सिकादो’ हा शब्द वापरला, त्यांना अन्नातून विषबाधा म्हणायचे होते, आणि डॉक्टरांनी अमली पदार्थांचा अतिरेक समजून उपचार केले. खरे तर मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. भरपाईची तडजोड सुमारे सात कोटी दहा लाख डॉलरची झाली. ते ऐकताना मी मनात म्हटले होते, त्या लोकांना भाषा येत नव्हती; मी तर शिकते आहे.

त्या रात्री माझ्याकडे डोमिनिकन रिपब्लिकच्या एक आजी होत्या, पायाच्या जंतुसंसर्गासाठी दाखल झालेल्या. रात्री दोनच्या सुमारास मी विचारले, ‘कोमो से सिएन्ते?’, कसे वाटते आहे? माझा उच्चार ऐकून त्यांनी भरभरून उत्तर दिले. त्यातले ‘मुचा फातिगा’ एवढेच माझ्या हाती लागले. आमच्या शब्दयादीत फातिगा म्हणजे थकवा असे होते. मी थकवा अशी नोंद केली, त्यांना निवांत झोप लागावी म्हणून खाटेचे डोके खाली करून ती सपाट केली, दिवा मंद केला आणि ‘देस्कान्से’, विश्रांती घ्या, असे म्हटले. त्यांनी माझे मनगट धरले आणि तोच शब्द पुन्हा उच्चारला. मी त्यांचा हात थोपटून ‘सी, सी’ म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

कॅरिबियन बेटांवरचे लोक धाप लागण्याला फातिगा म्हणतात. दीड तासाने मी परत आले, तेव्हा आजी खाटेच्या कडेला बसून श्वासासाठी झगडत होत्या आणि रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण 84 टक्क्यांवर उतरले होते. हृदय थकल्याने फुफ्फुसांत पाणी भरत होते आणि मी त्यांना आडवे निजवले होते. टॅबलेटच्या पडद्यावरून बोलणाऱ्या दुभाष्याने त्यांचे पहिले वाक्य सांगितले ते असे: मला श्वास घेता येत नाही, हे मी या नर्सला सांगितले होते.

दोन दिवस अतिदक्षता विभागात काढून त्या बऱ्या झाल्या. दोनच्या फेरीत ऑक्सिजन 93 होता, श्वासही मिनिटाला वीसच भरले होते; ते आकडे पाहून दुसरी कोणीही घाबरली नसती, असे मी अनेकांना सांगितले आहे आणि ते खरे आहे. पण दुसऱ्या कोणाचे मनगट त्यांनी धरले नव्हते. आणि टॅबलेटचा स्टँड दारापासून वीस पावलांवर होता. पात्र दुभाषी विनामूल्य मिळणे हा 2010 च्या आरोग्य कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे, तो माझ्या सोयीचा विषय नव्हता. मग मी तो स्टँड का आणला नाही? मध्यरात्री पडद्यातून येणाऱ्या परक्या आवाजापेक्षा माझी तीस वाक्ये अधिक मायेची आहेत, असे मला वाटत होते. तेव्हाच्या मला मी पुष्कळ बोल लावते, पण या एका मुद्द्यावर ती अगदीच चुकीची होती, असे आजही म्हणवत नाही.

कारण आजी वॉर्डात परतल्यावर मी सगळे काही टॅबलेटवरून बोलू लागले, पाणी हवे का, हेसुद्धा. दुसऱ्या रात्री त्यांनी दुभाष्याला सांगितले, हिला विचारा, मी हिला काही दुखावले का? पूर्वी माझ्याशी बोलायची, आता बोलत नाही. दुभाष्याने निर्विकारपणे ते माझ्यापर्यंत पोहोचवले. मला उत्तर देता आले नाही.

त्यानंतर सात महिने मी स्पॅनिशचा एक शब्द काढला नाही, आणि मग पुन्हा वर्गाला जाऊ लागले. आता रुग्णाला माझे पहिले वाक्य असते, ‘आब्लो पोको एस्पान्योल’, मला थोडेच येते. तक्रार, औषधे, संमती आणि घरी जातानाच्या सूचना दुभाष्याशिवाय नाहीत. पाणी, पांघरूण, ‘खोल श्वास घ्या’ एवढे माझे. ही रेघ कागदावर नीट दिसते. पण परवा मी एका आजोबांना पांघरूण हवे का विचारले, आणि त्यांनी जे उत्तर दिले ते पांघरुणाबद्दल नव्हते. मी ते निम्मे समजले. स्टँड आणायला वळले, तशी त्यांनी मान भिंतीकडे फिरवली, आणि टॅबलेट लागल्यावर दुभाष्याला म्हणाले, ‘नादा’, काही नाही.