फोटो मी देतेय ना, मग एवढे पैसे कशाचे?

“ताई, फोटो मी देतेय ना, मग एवढे पैसे कशाचे?”

लोकांनी पाठवलेल्या फोटोंवरून मी त्यांच्या जुन्या घरांची जलरंगात चित्रं काढते, आणि आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतो. विचारणारे भांडायला आलेले नसतात, बहुतेकांना खरंच कळत नसतं. नागपूरच्या एका काकांनी हिशेबच मांडला होता. तोच फोटो कॅनव्हासवर छापून आठशे रुपयांत मिळतो, मग तुमचे वरचे तीन हजार सातशे कुठे गेले? हल्ली त्यात भर पडली आहे, “मोबाईलवर एका मिनिटात वॉटरकलर होतं” याची. होतं खरं. मीही करून पाहिलंय.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. चित्रं सांगाल तशी काढते. राहायला कोल्हापुरात. कोटितीर्थ रंगवणाऱ्या आबालाल रहिमानांच्या गावात जलरंग विकून पोट भरायचं म्हणजे थोडा आगाऊपणाच, पण चाललंय. आधी एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करून शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवायचे. पगार यायचा तेव्हा यायचा. आता दुकान फोनमध्ये आहे: इन्स्टाग्रामचं पान, व्हॉट्सअ‍ॅप आणि आईच्या देवघराशेजारी चिकटवलेला क्यूआर कोड, ज्याचा तिथे काहीच उपयोग नाही. ११ बाय १५ इंचाच्या चित्राचे ४,५०० रुपये. फ्रेम आणि कुरिअर वेगळं. निम्मे आधी, निम्मे चित्र झाल्यावर.

कागदाचं आधी उरकते. शंभर टक्के सुती, ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, मोठा ताव मला सहा-सातशेला पडतो, त्यात चार चित्रं बसतात. म्हणजे चित्रामागे दीड-पावणेदोनशे. रंग, ब्रशची झीज, पुठ्ठा, टेप धरून तीनशेच्या वर जात नाही. “बघा, म्हणजे चार हजार सुटतात!” असं जे तुमच्या मनात आलं, तेच आमच्या शेजारच्या वहिनींच्याही मनात आलं होतं.

रंगांबाबत मात्र एक कबुली द्यायची आहे. सुरुवातीला, २०१७ साली, मी विद्यार्थ्यांच्या पेटीतले स्वस्त रंग वापरायचे. एका बाईंच्या माहेरच्या घराचं चित्र केलं, फाटकावर गच्च बोगनवेल. चित्र त्यांनी हॉलमध्ये लावलं, समोर पश्चिमेची खिडकी. तीन वर्षांनी त्यांचा फोटो आला, खाली फक्त एवढंच लिहिलेलं: “वेल सुकली.” गुलाबी उडून गेला होता, फाटकावर करड्या काड्या उरल्या होत्या. कौलं मात्र जशीच्या तशी, कारण तो रंग म्हणजे लोखंडाचा गंज, गेरूचा सख्खा भाऊ. त्याला ऊन काही करत नाही. मी ते चित्र फुकट पुन्हा काढून दिलं. तेव्हापासून नवा रंग आणला की कागदाच्या पट्टीवर लावते, पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकते आणि सहा महिने खिडकीत ठेवते. अ‍ॅलिझरिन क्रिमझन नावाचा देखणा लाल तेव्हाच पेटीतून गेला. जास्वंद दुसऱ्या रंगाने काढते, तितकी सुंदर होत नाही, पण टिकते.

आता तुमच्या फोटोकडे येऊ.

तुम्ही पाठवता तो फोटो बहुतेक गणपतीत काढलेला असतो. घरासमोर बारा माणसं ओळीने उभी, दारात काकू, त्यामुळे दार दिसत नाही. मोबाईल जवळून आणि वर करून धरलेला, म्हणून दोन्ही भिंती आत कललेल्या, घर पडायला आल्यासारखं. ओटीवर प्लास्टिकच्या खुर्च्यांची थप्पी, पन्हाळीला लोंबणारी केबल, एका बाजूला पत्रा. मोबाईलवरचा फिल्टर हे सगळं इमानेइतबारे रंगवतो. त्याला काकूंमागचं दार ठाऊक नसतं. मलाही नसतं, म्हणून मी फोन करते.

माझा खरा वेळ या फोनांत जातो. घराचं तोंड कुठे? म्हणजे सकाळी ऊन ओटीवर यायचं की मागल्या पडवीत? तुळस दारासमोर होती की जरा बाजूला? चपला कुठे काढायचात? दाराला कडी-कोयंडा होता का? भिंत चिऱ्याची उघडी, की गिलावा करून चुना दिलेला? हे शेवटचं मी खोदून विचारते, कारण जलरंगात चुन्याची भिंत म्हणजे कोरा कागद. पांढरा रंग मी वापरतच नाही, कागदच राखून ठेवावा लागतो. भिंतीवर पडलेली आंब्याची सावली रंगवायची आणि तिच्यामधले उन्हाचे कवडसे कोरे सोडायचे. एक थेंब भलतीकडे गेला की दोन दिवसांचं काम गेलं. नागपूरच्या काकांना मी म्हटलं होतं की तुमच्या पैशांतला मोठा भाग मी जिथे ब्रश लावला नाही त्या जागेचा आहे. त्यांना ते पटलं नाही. ऑर्डर दिली, पण पटलं नाही.

कौलांचंही तसंच. “पणजोबांनी बांधलं तेव्हाचं घर काढा,” असं म्हणतात आणि फोटोत मंगलोरी कौलं असतात. ही कौलं मंगळूरला बाझेल मिशनच्या कारखान्यात १८६५ साली निघू लागली आणि मग किनाऱ्याने वर पसरली. आधीच्या कोकणातल्या छपरांवर नळीची कौलं, नाहीतर गवत. मग मी विचारते, घरातल्या कुणी माकडं येऊन गेल्यावर कौलं परतल्याचं बोलायचं का? “हो, आजोबा दर वैशाखात कौलं परतायचे,” असं उत्तर आलं की समजायचं, नळीची. मंगलोरी कौलं सरळ रांगांत बसतात, हात बसला की भराभर होतात. नळीचं प्रत्येक कौल वेगळं, प्रत्येकाखाली सावलीचा बारीक चाप. माझा एक दिवस वाढतो. त्याचे मी जास्त घेत नाही, घ्यायला हवेत असं नवरा म्हणतो.

एका घराच्या पायऱ्यांवरून झालेलं महाभारत सांगते. चार भावंडांनी मिळून चित्र मागवलं, त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप केला आणि मलाही त्यात घेतलं. मी कच्चं रेखाटन टाकलं, ओटीला पाच पायऱ्या. टोरांटोचा धाकटा म्हणाला, बरोबर. नाशिकची थोरली म्हणाली, सात. दोन दिवस ग्रुपवर दुसरा विषय नाही. धाकट्याने जुना फोटो काढून दाखवला, पाच मोजता येत होत्या. थोरली ऐकेना: “मी शेण घालून त्या सारवल्यात, मला सांगतोस?” शेवटी ऐंशीच्या घरातल्या आत्याला फोन लावला. आत्या म्हणाल्या, दोघांचंही खरं. घरासमोरच्या रस्त्यावर दर निवडणुकीला डांबराचा थर पडत गेला, अंगण भरून घ्यावं लागलं आणि खालच्या दोन पायऱ्या जमिनीत गेल्या. धाकटा जन्मला तो पाच पायऱ्यांच्या घरात.

मग काढायच्या किती? त्यांचं ठरेना, मलाच विचारलं. मी सात काढल्या, खालच्या दोन सावलीत ठेवल्या. धाकट्याने अंगठा टाकला, त्यापुढे काहीच लिहिलं नाही. आठवड्याने त्याने स्वतःसाठी वेगळं चित्र मागवलं, पाच पायऱ्यांचं. धंद्याच्या दृष्टीने बरंच झालं.

म्हणूनच “सरप्राइज” ऑर्डर मी नाखुशीने घेते. आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांचं जुनं घर भेट द्यायचं, कल्पना छान. पण ज्यांना सगळं ठाऊक आहे त्यांनाच विचारायचं नाही! मग मुलगा सांगतो “बहुतेक निळं दार असावं”, आणि चित्र हातात घेतल्यावर आई म्हणते, “निळं? हिरवं होतं रे.” मुलाला त्या वेळी काय वाटतं ते मला नंतर लांबलचक व्हॉइस मेसेजमधून ऐकावं लागतं.

आणि फोटोच नसेल तर?

असं पहिल्यांदा विचारलं ते लातूर जिल्ह्यातल्या, औसा तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. त्यांचं गाव त्यात गेलं, पुढे दुसऱ्या जागी नव्याने वसवलं. फोटो होते ते ढिगाऱ्यात. गुरुजींनी कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीने घराचा नकाशा काढून पाठवला, खोल्यांची मापं हातांत आणि वितींत. दर्शनी ढेळज म्हणजे ओसरी, आत चौक, एका बाजूला गोठा, भिंतीतच धान्याचं बळद, वर माळवद. दगड मातीत रचलेल्या भिंती दोन-अडीच हात जाड आणि लाकडी सरांवर मातीचं सपाट छप्पर, तेच माळवद. दरवर्षी गळू नये म्हणून वर आणखी माती पडायची, वजन वाढत जायचं. मी जाडीबद्दल पुन्हा विचारलं, मला चौकटीची खोली काढायची होती. ते म्हणाले, “जाड भिंतीचं घर म्हणून गावात आमचा मान होता.” मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही नाही.

त्या चित्राला पाच महिने लागले. रेखाटनं अकरा झाली. एरवी मी एक दुरुस्ती फुकट देते, पुढच्या प्रत्येकीचे तीनशे घेते. इथे तो नियम लावायला तोंड उघडलं नाही. माणसं काढू नका म्हणाले. ढेळजेत घोंगडी काढू का विचारलं तर आधी हो म्हणाले, मग रात्री फोन करून नको म्हणाले. बैल चालेल म्हणाले, एकच, पांढरा, उजव्या शिंगाला किंचित वाकडा. रंगवलेलं चित्र पाठवलं तेव्हा त्यांनी एकच चूक काढली: माळवदावर चढायची शिडी मी टेकवली होती उजवीकडे, ती डावीकडे हवी. जलरंगात शिडी हलवता येत नाही. नवा कागद घेतला.

पैसे मी कमी सांगितले. त्यांनी पूर्ण पाठवले, वर पावती मागितली, शाळेतल्या सवयीने. पहिलं, चुकलेल्या शिडीचं चित्र माझ्याकडेच आहे. विकायचं नाही आणि टाकवत नाही.

तुम्हाला वाटेल, अशी गोष्ट सांगून ही बाई भाव चढवतेय. तसं नाही हो. बहुतेक ऑर्डरी साध्याच असतात. बाबांची निवृत्ती, घराची पुनर्बांधणी, परदेशी निघालेल्या लेकीच्या बॅगेत बसेल असं आठ बाय दहाचं. जुलैत कागदाला बुरशी धरते म्हणून मी तो तांदळाच्या डब्याशेजारी कपाटात ठेवते, दिवाळीआधी झोप होत नाही, आणि एकदा काच फुटून तिचे ओरखडे चित्रभर उमटल्यापासून फ्रेमला काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक लावते. दुकान म्हटलं की हे आलंच.

सध्या टेबलावर वरळीच्या बीडीडी चाळीतली एक ऑर्डर आहे. या चाळी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात बांधल्या. तळमजला अधिक तीन, मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक १६० चौरस फुटांची. आता त्या जागी टॉवर उठताहेत, २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, ५०० चौरस फुटांच्या. ऑर्डर देणाऱ्या बाई खूश आहेत, नव्या घरात स्वतःचं संडास-बाथरूम आहे हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी विचारलं, खोली आतून काढायची की बाहेरून? त्या म्हणाल्या, कॉरिडॉर काढा.

त्यांनी पाठवलेला व्हिडिओ शेवटच्या दिवसांतला. दोन्हीकडे खोल्या, मधे बोळ, सगळी दारं बंद, कुलपं. अंधार. मी म्हटलं, असंच काढू का, ट्यूबलाइट दाखवून? “छे! दारं उघडी काढा. आमच्याकडे दार बंद म्हणजे माणूस गावाला गेलेला.” तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या बोळाला उजेड येतो तो उघड्या दारांतूनच. दर दारासमोर फरशीवर एक चौकोन उन्हाचा. आमची बाजू सकाळची, समोरची दुपारची, असं त्या सांगतात. मला दिसतील अशी आठ दारं.

“पण मॅडम,” त्यांनी विचारलं, “पैसे एका खोलीचे घेणार का आठ खोल्यांचे?”

मी एकाचेच सांगितले. आता दार उघडं म्हटल्यावर आतलं काहीतरी दिसणार, म्हणून त्यांनी बाकीच्या सातांचे नंबर पाठवलेत. कालपर्यंत तिघांशी बोलून झालं. चौथ्यांनी दुपारी तीननंतर फोन करायला सांगितलाय, नाइट शिफ्ट असते.