देणं नसलेला माणूस

रोहिण्या निघाल्या की आमच्या शाखेतली निम्मी माणसं गावोगावी असतात. मी बँकेत शेतीकर्ज बघते, लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. मृगाच्या आधी जुनं पीककर्ज भरून घ्यायचं, नवं करून द्यायचं आणि त्यासाठी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर टेबल मांडून बसायचं, असा तो हंगाम.

या कामात माझा एक नेम होता. ज्यानं मागितलं नाही त्याच्यासमोर कर्जाचं नाव काढायचं नाही. नोकरीच्या सुरुवातीला मार्चअखेरची उद्दिष्टांची घाई मी जवळून पाहिली होती. तीन एकरवाल्या एका पोराच्या दारात ट्रॅक्टर उभा राहिला आणि पुढं हप्ते थकल्यावर ओढून नेला गेला. तो नेताना त्या पोराची आई अंगणात उभी होती. तिचा चेहरा पाहून मी ठरवलं की आपण होऊन कुणाच्या गळ्यात कर्ज घालायचं नाही. तो नेम मला आजही खोटा वाटत नाही. पण त्या दिवशी तो उलटून पाहायची वेळ आली, आणि ती आणली माझ्याहून कितीतरी कडक नेमाच्या एका माणसानं.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा बचत गटाची हिशेबनीस टेबलाशी आली. नवरा चाकणला कंपनीत, इथं सासू-सासरे, पाच एकर आणि ही. म्हणाली, "मॅडम, घरी चला. आमच्या मामांना कर्जाचं समजावून सांगा."

"त्यांनी विचारलं तर सांगेन."

"ते कशाला विचारतील? म्हणून तर तुम्हाला नेते."

चहाला म्हणून गेले. माळवदाचं जुनं घर. दारालगतच्या ढाळजेत तिचे मामा, म्हणजे सासरे, बसले होते; मी त्यांना काका म्हणाले. मला बघून त्यांनी सतरंजी झटकली आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, "चहा घ्या मॅडम, पर आपल्याला बँकेचं काम न्हाई. ह्या घरावर कुणाचा रुपाया न्हाई."

या बोलण्याला मोठा इतिहास होता. १९७२च्या दुष्काळात त्यांचे वडील, म्हणजे दादा, दुष्काळी कामावर खडी फोडत होते. घरात खायला नव्हतं म्हणून त्यांनी सावकाराकडून पैसे उचलले. गहाणखत म्हणून ज्या कागदावर अंगठा घेतला तो खरेदीखताचा निघाला आणि विहिरीजवळची तीन एकर काळी जमीन गेली. पुढं कधीतरी तुळजापूरला, आईच्या पायरीवर दादांनी पोराकडून वचन घेतलं. तेव्हापासून काकांनी कर्ज काढलं नाही. दोन लेकींची लग्नं केली, बोअर मारलं, बैलजोडी घेतली, सगळं साठवून. नाही जमलं ते केलं नाही. ऐकताना माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदरच दाटून आला. अशा माणसाला मी काय सांगणार? कप ठेवून उठलेच होते.

तेवढ्यात सून आतून कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीत खताच्या आणि बियाण्याच्या दुकानातल्या चिठ्ठ्या होत्या, पक्की पावती एकही नाही. प्रत्येक चिठ्ठीमागं तिनं पेन्सिलीनं त्या दिवशीचा रोखीचा भाव लिहून ठेवला होता. गटाची वही लिहून लिहून तिचा हात हिशेबाला चांगला बसला होता.

"मामा, मॅडमला बघू द्या."

"ती उधारी हाय पोरी. कर्ज न्हवं ते."

मी म्हणाले, "काका, कर्जाचं मी बोलतच नाही. नुसता हिशेब वाचून दाखवू का?" त्यांनी मान हलवली.

डीएपी खताच्या पोत्यावर छापील किंमत १३५० रुपये आणि चिठ्ठीवर १५५०. सोयाबीनचं बी, तणनाशक, फवारणी, सगळं तसंच चढं. गेल्या जूनमध्ये जो माल रोखीनं ३६,००० रुपयांत आला असता, त्याचे दिवाळीला ४१,४०० दिले गेले होते. वर ५,४०० रुपये, पाच महिन्यांचे. काकांनी मला थांबवलं आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. मी कॅल्क्युलेटर काढला नाही. मोजू दिलं.

"शेकडा तीन," ते म्हणाले. "म्हैन्याला शेकडा तीन पडलं."

"हो काका. वर्षाला छत्तीस."

बराच वेळ ते चिठ्ठ्यांकडं बघत राहिले. मग अगदी हळू बोलले, "दादाच्या सावकाराचा भाव बी शेकडा तीनच व्हता."

माझ्या अंगावर काटा आला. ज्या देण्यापासून हा माणूस अख्खं आयुष्य दूर पळाला, ते त्याच भावानं दरसाल जूनमध्ये त्याच्या घरात येत होतं. नेम दारावर पहारा देत उभा होता खरा, पण तो फक्त बँकेच्या कागदाला ओळखत होता. शिवाय ज्याची उधारी त्याच्याच आडतीला, म्हणजे विक्रीच्या दुकानाला, माल घालायचा, ही अट. ऑक्टोबरात ओलं सोयाबीन घातलं, हवा, म्हणजे दाण्यातला ओलावा, सतरा टक्के निघाली, बाराच्या वरची हवा म्हणून भाव कापला. दहा दिवस उन्हात वाळवायला थांबायची सोय नव्हती, कारण दुकानदार पैशाला बसलेला. ते नुकसान तर सुनेनं धरलंही नव्हतं. विक्रीच्या पट्टीवर ते वेगळं दिसतच नाही.

काका चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत, खचले. "मग दादाला दिलेला शबुद मोडला की म्या," म्हणाले.

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते आतून आलं. काकू चुलीपासून उठून दारात आल्या. त्या दिवशी तुळजापूरला त्याही होत्या, नव्या नवरी. "दादा म्हनले व्हते, रान जाऊ देऊ नको. एवढंच. कर्ज काढायचं न्हाई हे तुम्ही वरून म्हनलाव."

काकांनी त्यांच्याकडं पाहिलं. "खरं का?"

"मी हुते की तिथं."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं, कारण तशी गरजच पडली नव्हती. नेम बाप घालून देतो, आणि त्याभोवती कुंपण मात्र पोरगा स्वतः घालतो. काळ जातो तसं आत काय होतं आणि कुंपण कुठून सुरू झालं हे वेगळं सांगता येत नाही. काकूंना ते सांगता आलं. नेम तपासायचा तर तो लागला त्या दिवशी तिथं असलेल्या माणसाला विचारावं, हे मी त्या ढाळजेत शिकले.

मग काकांनी स्वतः विचारलं, आणि एकेक प्रश्न वकिलासारखा. "जमीन गहाण पडती का?" मी सांगितलं, दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला जमीन गहाण घेत नाहीत, उभं पीकच तारण असतं. ही मर्यादा आधी एक लाख साठ हजार होती, १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख झाली. "व्याज?" सात टक्के. मुदतीत फेडलं तर केंद्राची तीन टक्के सूट, आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून आणखी सूट मिळते, तीन लाखांपर्यंत. ३६,००० वर पाच महिन्यांचं पुरं व्याज धरलं तरी १,०५० रुपये. "आन पाऊस न्हाई पडला तर?" इथं मी गोड बोलले नाही. दुष्काळ जाहीर झाला तर कर्जाचं पुनर्गठन होतं, मुदत वाढते, पण देणं उरतंच, आणि थकलं तर व्याजाची सवलत जाते. ते म्हणाले, "हे बरं सांगितलं."

पाच एकराला कर्ज एक लाखाच्या वर बसत होतं. काकांनी चाळीस हजार सांगितले. त्यांनी ठरवलेलं मी माझ्या डायरीत उतरवून घेतलं: रान गहाण ठेवायचं नाही. पेरणीला लागेल तेवढंच घ्यायचं, लग्नाला न् घराला नाही. सोयाबीन विकलं की घरात पैसा यायच्या आधी बँकेत भरायचा. दुकानात रोखीनंच घ्यायचं आणि पक्की पावती मागायची. हिशेब सुनेच्या हातात. जुना नेम तीन शब्दांचा होता: कर्ज काढायचं नाही. हा पाळायला जास्त अवघड आहे, कारण दरसाल डोळे उघडे ठेवून पाळावा लागेल. मला तो जास्त खराही वाटतो. दादांची भीती त्यात शाबूत आहे, आणि ती आता योग्य जागी पहारा देते.

परतीच्या वाटेवर मी माझा नेम काढून बघितला. मी तो केला होता त्या ट्रॅक्टरवाल्या पोरासाठी, कर्ज नसलेल्या माणसाला कर्जात ढकललं जाऊ नये म्हणून. पण आमच्या भागात कर्ज नसलेली माणसं कितीशी? बँकेच्या नोंदीत कोरा असलेला शेतकरी दुकानात, आडतीवर, नातेवाइकांत देणेकरी असतो. म्हणून आता मी कर्ज सुचवत नाही, पण एक प्रश्न आपण होऊन विचारते: बी-खत कुठून आणता, आणि पैसे कधी देता? पुढच्या गावात हा प्रश्न विचारला तर एक जण उठून गेला, आणि दोघं घरून चिठ्ठ्या घेऊन आले.

काकांच्या बाबतीत एक गोष्ट राहिलीच. निघताना मी बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेचं सांगितलं होतं. वाळवलेलं सोयाबीन गोदामात ठेवायचं, किमतीच्या पाऊणपट रक्कम सहा टक्क्यांनी सहा महिन्यांसाठी उचलायची आणि भाव आला की विकायचं. हवेचा आणि घाईचा दोन्ही प्रश्न सुटतात. काकांनी सगळं नीट ऐकलं आणि मान हलवली.

"पिकवलेलं गहाण? ते न्हाई."

"मामा, ते दिवाळीला बघू," सून म्हणाली, आणि चिठ्ठ्या पिशवीत भरायला लागली.