धाकट्या डान्सचं लंडन

लंडनला निघालेल्या मराठी माणसाच्या यादीत अठराव्या शतकातल्या वास्तुकार जॉर्ज डान्सचं नाव असायचं काही कारण नाही. माझ्या यादीत तो शिरला गिल्डहॉलमुळे. सिटी ऑफ लंडनच्या कारभाराची ही वास्तू मूळची पंधराव्या शतकातली, पण चौकातून दिसणारा दर्शनी भाग डान्सचा, १७८८-८९ चा. वर पाहिलं आणि थबकलोच. खिडक्यांच्या कमानींना चक्क पाकळ्या! गॉथिकमध्ये मुघल महिरप मिसळलेली. चित्रकार विल्यम हॉजेस १७८०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात राहून आला होता. अभ्यासक या महिरपींचा धागा त्याच्या चित्रांशी जोडतात. मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम उभं राहण्याच्या शंभरेक वर्षं आधीची ही भेसळ. मला तरी फार आवडली.

तिथून ऑल हॅलोज, लंडन वॉल चालत गाठता येतं. रोमन तटाला लागून असलेलं हे छोटं चर्च बाहेरून अगदी साधं, विटांचं. काम मिळालं तेव्हा डान्स चोवीस वर्षांचा, इटलीहून नुकताच परतलेला. (लॉर्ड मेयरचं निवासस्थान असलेलं मॅन्शन हाऊस बांधणारा थोरला जॉर्ज डान्स त्याचा बाप. बापलेकांची नावं एकच, त्यामुळे गोंधळ ठरलेला.) आत मात्र डोळे निवतात. अर्धगोल छत, उंचावरच्या खिडक्यांतून येणारा उजेड, आणि खांबांवर नुसता नक्षीचा पट्टा. नियमाप्रमाणे त्यावर हवी ती जाड कंगणी (पुढे आलेली कड) पठ्ठ्याने सरळ गाळून टाकली आहे.

खरं नाव झालं ते न्यूगेट तुरुंगामुळे, आणि तोच आज नाही. खडबडीत दगडांच्या, जवळजवळ बिनखिडकीच्या भिंती. दारावर कोरलेल्या बेड्या. पाहणाऱ्याला बाहेरूनच धडकी भरावी हा हेतू उघड होता. काम पुरं होत आलं असतानाच १७८०च्या कॅथलिकविरोधी गॉर्डन दंगलीत जमावाने तो पेटवला. डान्सने पुन्हा उभा केला. १७८३ पासून १८६८ पर्यंत त्याच्या दारापुढे जाहीर फाशी दिली जायची. १९०२ मध्ये पाडकाम सुरू झालं आणि त्या जागी १९०७ मध्ये ओल्ड बेलीचं आजचं न्यायालय उघडलं. मदनलाल धिंग्रांना फाशीची शिक्षा सुनावली गेली ती इथेच, २३ जुलै १९०९ रोजी. हे ठाऊक असल्यावर त्या फुटपाथवर स्थापत्याकडे लक्ष लागत नाही.

डान्सचंच ओल्ड स्ट्रीटवरचं सेंट ल्यूक मनोरुग्णालयही विसाव्या शतकात पाडलं गेलं. हॅम्पशरमधल्या त्याच्याच स्ट्रॅटन पार्कचा दर्शनी खांबमंडप तेवढा उरलाय, मागचा वाडा नाही. तिकडे जाणं जमलं नाही.

पाडलेला डान्स पाहायचा तर लिंकन्स इन फील्ड्समधलं वास्तुकार जॉन सोनचं घर, म्हणजे आजचं संग्रहालय, गाठावं. सोन हा त्याचाच शिष्य. गुरूच्या मृत्यूनंतर त्याने डान्सची रेखाचित्रं विकत घेऊन ठेवली. संग्रहालयाला तिकीट नाही, पण रेखाचित्रं हाताळायची तर आधी वेळ मागून घ्यावी लागते.